ओंडका परदेशी, परवाना देशी

पोस्ट लांब आहे. पण ज्यांचं घराचं काम चालू आहे आणि ज्यांच्या बांधावर दहा-वीस झाडं उभी आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

धाराशिव, उमरगा, कळंब, कुठल्याही लाकडाच्या वखारीत जा आणि दाराच्या चौकटीचं लाकूड विचारा. कानावर काय पडतं? मलेशियन साल. घाना साग. बर्मा साग, तो परवडत असेल तर. एखादा जुना वखारवाला "सीपी साग"ही दाखवेल, म्हणजे चंद्रपूर-बल्लारशाकडचा. आपल्या जिल्ह्यातलं लाकूड मागितलं तर तो हसेल.

त्याचं हसणंही बरोबर आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटर आणि त्यावर जंगल एक टक्क्याच्याही आत. येडशीचं रामलिंग अभयारण्य आपल्याला मोठं वाटतं, ते बावीस चौरस किलोमीटर. जंगलच नाही तर लाकूड बाहेरून येणार, यात नवल काही नाही. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. आपल्या उंबऱ्यापर्यंत समुद्रापार करून ओंडका येतो, तो कुठून येतो, का येतो, आणि त्याच वेळी आपल्या बांधावरचा साग मातीमोल का जातो?

यासाठी दोन देशांचा हिशेब शेजारी शेजारी मांडावा लागतो. भारत आणि चीन. उष्ण प्रदेशातल्या जंगलांमधले कठीण लाकडाचे ओंडके विकत घेण्यात चीन जगात पहिला आणि आपण दुसरे, अशी बरीच वर्षं गेली. दोघांनी जवळजवळ एकाच काळात आपल्या जंगलाला कुलूप लावलं. दोघांनी दुसऱ्यांच्या जंगलाची वाट धरली. फरक पडला तो पुढे.

आधी थोडं मागे जाऊ. लाकूड बाहेरून आणावं ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आहे. मुलखातल्या रानात साग, शिसव असेल तर परवानगीने घ्यावा, कमी पडेल तो बाहेरच्या मुलखातून विकत आणावा, असा त्याचा आशय. त्याच ठिकाणी रयतेच्या झाडांबद्दलही आहे. आंबा, फणस रयतेने लेकरासारखे वाढवलेले असतात, ते तोडले तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं जुनं झाड घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, बळजोरी करू नये. म्हणजे आयात कधी करायची आणि शेतकऱ्याच्या झाडाचं मोल कसं द्यायचं, दोन्ही गोष्टी तीनशे वर्षांपूर्वी एका जागी लिहून ठेवल्या आहेत. आज आपण पहिली अगदी मन लावून पाळतो. दुसरी विसरलो.

मग इंग्रज आले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली. १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर तर १८४२ मध्ये चीनला नानकिंगचा तह लिहून द्यावा लागला. मलबारचा साग संपत आला तसा मोर्चा ब्रह्मदेशाकडे वळला. १८६३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघाली. कंपनीने ओंडके कमी दाखवून कर बुडवला असं म्हणत ब्रह्मदेशाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. इंग्रजांनी तेच निमित्त धरून लढाई केली आणि राज्यच गिळलं. थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीला सहलीला गेल्यावर थिबा पॅलेससमोर फोटो काढताना हे लक्षात असू द्या. ओंडक्यांच्या मोजमापावरून एक राजा गादीवरून गेला होता.

आता आपल्या काळात येऊ.

भारतात १९८८ चं राष्ट्रीय वन धोरण आलं. जंगल हे कारखान्यांना स्वस्त माल पुरवण्यासाठी नाही, कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, असं त्यात होतं. चांगलं धोरण. मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध आदेश आला. जंगलातल्या तोडीला लगाम बसला, विनापरवाना आरा गिरण्यांवर टाच आली. जंगलं वाचली, यात शंका नाही. पण घरं बांधणं काही थांबलं नाही. लाकूड लागतच होतं. ते कांडल्याच्या बंदरात उतरू लागलं आणि शेजारचं गांधीधाम हे देशातलं आरा गिरण्यांचं मोठं केंद्र झालं.

चीनमध्ये १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्से नदीला महापूर आला. वरच्या खोऱ्यातली जंगलतोड हे त्याचं एक कारण मानलं गेलं. सरकारने नैसर्गिक जंगलातली तोड भराभर बंद करत आणली, २०१७ पर्यंत तर व्यापारी तोड देशभर थांबवली. त्याच वेळी, १९९९ पासून, बाहेरच्या ओंडक्यावरचं आयात शुल्क शून्य केलं. परिणाम आकड्यांत बघा. १९९८ मध्ये चीनने सगळ्या जातींचे मिळून पन्नास लाख घनमीटरांच्या आतबाहेर ओंडके आणले होते. पाच वर्षांनी तो आकडा अडीच कोटी घनमीटरांवर गेला. २०२१ मध्ये सहा कोटींच्या पुढे. यातला मोठा वाटा रशिया, न्यूझीलंडकडच्या मऊ लाकडाचा होता हे खरं. पण गॅबॉनचं ओकुमे, पश्चिम आफ्रिकेचं शिसवाच्या जातीचं लाल लाकूड, यांचाही सर्वात मोठा गिऱ्हाईक चीनच. आपल्या आंध्रातलं रक्तचंदन चोरून जातं तेही मुख्यतः तिकडेच.

इथवर दोघे भाऊभाऊ. घरचं झाड वाचवायचं आणि शेजाऱ्याच्या रानात कुऱ्हाड पाठवायची. आपण स्वतःला पर्यावरणवादी म्हणवून घेतो तेव्हा हे पुण्य कुणाच्या खर्चाने आलं, ते विचारायला हवं. सारावाकचं जंगल आपल्या चौकटींसाठी कापलं गेलं. गेल्या दशकात तिथल्या ओंडक्यांचा सर्वात मोठा खरेदीदार भारत होता. म्यानमारच्या सागाच्या ओंडक्यांचंही तेच. आणि तिथे २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर अमेरिकेने, युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, तरी चीन आणि भारत या दोन्ही शेजाऱ्यांची खरेदी चालू राहिली. "बर्मा साग आहे" असं कौतुकाने सांगताना हा भागही त्याच दारात बसलेला असतो.

पण आता फरक बघा. तीन गोष्टींत फरक आहे.

पहिली गोष्ट, आणलेल्या ओंडक्याचं काय केलं? चीनने त्याचा कारखाना उभा केला. शानडोंगमधलं लिनयी, जियांगसूमधलं पिझोऊ, ही गावंच्या गावं प्लायवूडवर जगतात. बाहेरून कच्चा ओंडका घ्यायचा आणि जगाला तयार फर्निचर विकायचं, असा तो धंदा. आज जगात सर्वात जास्त फर्निचर निर्यात करणारा देश चीन आहे. आपण ओंडका आणला, चिरला, घरात बसवला. त्याने आपली घरं झाली हे ठीक. पण लातूर-सोलापूरच्या फर्निचरच्या दुकानात टेबल-खुर्चीही चीनची आणि चौकटीचा ओंडका मलेशियाचा, हे चित्र काही भूषणावह नाही.

दुसरी गोष्ट, विकणारा शहाणा झाला तेव्हा काय केलं? ओंडका विकणारे देश एकेक करून दार लावून घेत गेले. इंडोनेशियाने १९८५ मध्येच ओंडक्यांची निर्यात बंद केली. थायलंडने १९८९ मध्ये महापुरानंतर जंगलतोडच बंद केली. गॅबॉन २०१०. म्यानमार १ एप्रिल २०१४. लाओस २०१६. रशियाने २०२२ पासून कच्चे ओंडके बाहेर जाऊ देणं बंद केलं. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं की लाकूड हवं तर आमच्याकडे चिरा, आमच्या पोरांना काम द्या. गॅबॉनने बंदी घातल्यावर तिथे कारखाने उभे राहिले, त्यात आपल्या भारतीय प्लायवूड कंपन्याही आहेत. म्यानमारमध्येही तसंच झालं. ओंडका विकणारा गरीब राहतो आणि फळी विकणारा चार पैसे बघतो, हे गॅबॉनला कळलं. धाराशिवला कधी कळणार?

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. आपल्या शेतकऱ्यासाठी काय केलं? चीनने आयात वाढवत असतानाच घरी झाडं लावली. पॉप्लर, निलगिरी, कोट्यवधी. २००८ मध्ये गावांच्या सामाईक वनजमिनीचा वापर आणि त्यावरच्या झाडांची मालकी कुटुंबांच्या नावे करून देण्याची सुधारणा देशभर लागू केली. तिथली हुकूमशाही मला नको आहे, तिथल्या एकसुरी लागवडीचे तोटेही आहेत. पण "हे झाड तुझं, कागद तुझ्या नावावर" एवढं त्यांनी सांगितलं, आणि प्लायवूडच्या गिरण्यांना घरचं लाकूड मिळू लागलं.

आपल्याकडेही हे अशक्य नाही, कारण एका कोपऱ्यात ते झालंय. हरियाणातलं यमुनानगर. तिथल्या शेतकऱ्याने बांधावर पॉप्लर लावला, निलगिरी लावली. या झाडांना तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवान्याची कटकट ठेवली नाही. शेजारी प्लायवूडचे कारखाने आले, झाडांचा बाजार भरू लागला. आजही देशातल्या कारखान्यांना लागणारं बहुतेक देशी लाकूड जंगलातून येत नाही, शेतातून येतं. म्हणजे १९८८ च्या धोरणातलं वाक्य खरं ठरलं, पण तिकडे. आपल्याकडे ते कागदावरच राहिलं.

दुसरा दाखला अगदी आपल्या शेजारचा. बांबू कायद्याने "झाड" होता तोवर त्यालाही वाहतूक परवाना लागायचा. २०१७ च्या अखेरीस केंद्राने भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला. त्यानंतरच लातूरचे पाशा पटेल गावोगाव बांबू लावा म्हणून सांगू शकले आणि लोक ऐकू लागले. एक शब्द काढला आणि पीक तयार झालं.

आता आपल्या जिल्ह्यात या. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. बांधावर बापाने लावलेला साग. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा विकायला काढला. व्यापारी आला, झाडाला एक फेरी मारली, डोळ्याने अंदाज केला आणि उभ्या झाडाचा भाव ठरवला. "कागदपत्रं आमच्याकडे लागली" म्हणाला. झाडामागे अडीच हजार. शेतकऱ्याने हात जोडून घेतले, कारण कागदपत्रं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

काय असतं ते? साग हे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमातलं अनुसूचित झाड. चिंच, आंबा, जांभूळही त्याच यादीत. स्वतःच्या रानातलं असलं तरी तोडायला परवानगी. त्यासाठी सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी. ती बहुतेकांच्या उताऱ्यावर नसते, कारण बापाने झाड लावताना तलाठ्याकडे कोण जातंय? मग मोजणी, पाहणी, पंचनामा, लाकडावर हातोड्याचा शिक्का आणि शेवटी वाहतुकीचा परवाना. चौदा झाडांसाठी एवढ्या खेटा घालायच्या तर ज्याचा रोजचा धंदा आहे तोच घालणार. त्यामुळे परवान्याचा खरा मालक व्यापारी होतो आणि झाडाचा भावही तोच ठरवतो. नियम शेतकऱ्याला त्रास द्यायला केला नसेल, पण तो उभा आहे व्यापाऱ्याच्या बाजूला.

अडीच हजार कमी की जास्त? हे तुम्ही स्वतः मोजू शकता, म्हणून रीत सांगतो. ओंडक्याचा मधला घेर दोरीने घ्या. त्याचे चार भाग करा. एका भागाचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. घेर तीन फूट असेल तर चौथा हिस्सा पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण, गुणिले दहा फूट लांबी, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. लाकडाच्या धंद्यात हेच माप चालतं. यात खऱ्या आकारमानाच्या पाचवा हिस्सा आधीच सोडून दिलेला असतो, चिरताना वाया जातं म्हणून. आता वखारीत सागाचा घनफुटाचा भाव विचारा आणि साडेपाचने गुणा. तोडणी, वाहतूक, चिराई, कोवळा भाग सगळं वजा करा. उरलेली रक्कम आणि अडीच हजार यांच्यात जे अंतर दिसेल, ती परवान्याची किंमत.

गंमत बघा. साग हे झाड मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढ्याच देशांतलं. जगातली पहिली मोठी सागलागवड १८४० च्या दशकात केरळात निलांबूरला झाली. इथून आणि ब्रह्मदेशातून बी गेलं आणि आफ्रिकेत, वेस्ट इंडिजमध्ये, मध्य अमेरिकेत सागाची बनं उभी राहिली. आज घाना, टांझानिया, इक्वेडोर इथून त्याच बियाण्याचे नातू-पणतू कंटेनरात बसून आपल्याकडे येतात. इक्वेडोरच्या शेतातला साग दोन महासागर ओलांडून कांडल्याला उतरतो, आणि कळंबच्या बांधावरचा साग परवान्याअभावी कळंबच्या वखारीपर्यंत पोचत नाही!

कोणी म्हणेल, परवाने काढले तर कुऱ्हाडी सुटतील. ही भीती खोटी नाही. गडचिरोली-चंद्रपूरला शेताला लागून जंगल आहे. तिथे शेताच्या नावावर जंगलातला साग बाहेर पडू शकतो, तिथे नियम कडकच हवेत. पण आपल्याकडे लपवायला जंगलच कुठे आहे? आणि सध्याच्या नियमांनी झाडं वाचलीत का? कडुनिंबाच्या, बाभळीच्या गाड्या भरून जाताना आपण सगळेच बघतो. उलट परवान्याच्या धाकाने शेतकरी बांधावर उगवलेलं सागाचं रोप लहानपणीच उपटून टाकतो, "मोठं झालं की आपलं राहत नाही" म्हणून. जो नियम झाड लावूच देत नाही, तो झाड वाचवतो असं कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप पाण्याचा. आपला जिल्हा अवर्षणाचा, साग इथे चंद्रपूरसारखा सरळसोट वाढणार नाही. अगदी मान्य. मी जिल्हाभर साग लावा म्हणतच नाही. नव्वदच्या दशकात "इतकं गुंतवा, वीस वर्षांनी लाखो घ्या" म्हणणाऱ्या सागवान कंपन्या आल्या आणि लोकांचे पैसे घेऊन गेल्या, ते अजून अनेकांच्या लक्षात असेल. आज मलबार नीम, महोगनीच्या नावाने तशाच जाहिराती फिरतात, जपून राहा. जिथे विहिरीचा ओलावा आहे तिथे साग, शिवण. मुरमाड बांधावर कडुनिंब, बाभूळ. आपली जुनी माळवदाची घरं अशाच मिळेल त्या लाकडाच्या खांबा-तुळयांवर उभी होती. १९९३ च्या भूकंपात माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. कित्येक घरांत भिंती पडल्या आणि लाकडी सांगाडा उभा राहिला, हे सास्तूर-किल्लारी भागातल्या जुन्या लोकांना विचारा. लाकूड आपल्याकडे कधीच चैन नव्हती.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृषी-वनिकी धोरण आणलं, असं धोरण करणारा जगातला पहिला देश आपण. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने कोट्यवधी रोपं लावण्याची मोहीम केली, शेवटच्या वर्षीचं उद्दिष्ट तर ३३ कोटींचं. जून २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरच्या झाडांच्या तोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले, लागवडीची ऑनलाइन नोंद आणि त्यावरून सोपी परवानगी, अशी त्याची दिशा आहे. पण रोप वाटणारा हात दिसतो तसा लाकूड विकत घेणारा हात दिसत नाही. झाड लावण्याचा फोटो निघतो. तोडून विकल्याचा फोटो कुणी काढत नाही, जणू ते पापच आहे. ज्वारी कापली की आपण सुगी म्हणतो. वीस वर्षं राखलेलं झाड कापून दुसरं लावलं तर तीही सुगीच.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. तुमच्या ग्रामसभेत, तुमच्या आमदारांपुढे मांडता आल्या तर मांडा.

एक. केंद्राचे आदर्श नियम राज्याने लवकर आणि शेतकऱ्याच्या बाजूने लागू करावेत. ज्या जिल्ह्यांत जंगल जवळजवळ नाही तिथे बांधावरच्या लावलेल्या झाडांना आधी सूट द्यावी.

दोन. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करण्यासाठी गावोगाव शिबिरं घ्यावीत. पीकपाहणी मोबाइलवर होते, तर झाडपाहणी का नाही?

तीन. बल्लारशाला सरकारी डेपोत सागाचा जाहीर लिलाव होतो. त्या भागातला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला. तसाच एक छोटा लिलाव-डेपो धाराशिवला किंवा लातूरला हवा, जिथे शेतकरी दहा ओंडकेही घेऊन येईल आणि चार व्यापारी समोरासमोर बोली लावतील.

चार. आपण स्वतः वखारीत उभे राहिलो की एक प्रश्न विचारायचा, "हे कुठलं?" आणि इथलं असेल तर चार-दोन गाठी असल्या तरी घ्यायचं.

२०१८ मध्ये नीती आयोगाने आपला जिल्हा आकांक्षित, म्हणजे साध्या भाषेत मागास, जिल्ह्यांच्या यादीत घातला. दुष्काळात सोयाबीन जातं, कांद्याचा भाव जातो, जनावरं विकावी लागतात. बांधावरचं झाड मात्र तीन दुष्काळ काढून उभं असतं. अडीअडचणीला मोडता येईल अशी एवढी भरवशाची ठेव गरिबाकडे दुसरी नाही. अट एकच, ती मोडायला त्याला दुसऱ्याची सही आणि तिसऱ्याचा भाव लागू नये.

तुमच्या बांधावर किती झाडं आहेत आणि त्यातली सातबाऱ्यावर किती आहेत, तेवढं बघून खाली लिहा. तोडीच्या परवानगीचा अनुभव असेल तर तोही लिहा, पण कुणाचं नाव न घेता. आपल्याला एखाद्या माणसाशी भांडायचं नाही, नियम बदलून घ्यायचाय. आणि पोस्ट पटली तर एखाद्या सुताराला जरूर वाचून दाखवा. त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.